स्नॉर्कल : वरच्या हवेची नळी



देवबाग, तारकर्ली, मालवण या पट्ट्यातल्या गटांना हा शब्द रोज दिसतो. बोटीवर, पाटीवर, माडाला ठोकलेल्या पत्र्यावर. कुठे ‘स्नॉर्कलिंग’, कुठे ‘स्नोर्कलिंग’, कुठे ‘स्नोरकेलिंग’. न्याहारी-निवास चालवणाऱ्या तायांकडे पाहुणा उतरला की चहाचा कप खाली ठेवायच्या आत विचारतो, “काकी, स्नॉर्कलिंग कुठे करतात?” आणि काकी बोटवाल्याचा नंबर देतात. पण बैठकीत मी जेव्हा विचारलं की हा शब्द म्हणजे नेमकं काय, तेव्हा उत्तरं आली ती अशी: समुद्रात मासे बघणं, बुडी मारणं, स्कुबाच पण स्वस्तातला. शेवटचं उत्तर ऐकून सगळ्या हसल्या, पण ते उत्तर चुकीचं आहे आणि त्या चुकीत धोका आहे. म्हणून या अंकात हा एकच शब्द घेतला आहे.

दोडामार्ग, वैभववाडीकडच्या गटांनी ‘हे समुद्राचं आहे’ म्हणून पान उलटू नये. विहीर, ट्रॅक्टर आणि हत्ती पुढे येणार आहेत.

आधी वस्तू बघू

फुंकणी सगळ्यांना माहीत आहे. चुलीत जाळ होईना की आपण फुंकणीतून हवा सोडतो. स्नॉर्कल ही तशीच एक नळी, फक्त वाकडी. तिचं एक टोक तोंडात दातांमध्ये धरायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि दुसरं टोक डोक्याच्या बाजूने वर, पाण्याच्या बाहेर. माणूस पाण्यावर पालथा तरंगतो, तोंड पाण्यात, नजर खाली. नळीतून वरची हवा तोंडाने आत येते आणि त्याच नळीतून बाहेर जाते. डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क असतो. त्याने नाक बंद राहतं, आणि डोळ्यांसमोर हवेची पोकळी राहिल्यामुळे पाण्याखालचं स्पष्ट दिसतं. या नळीचं नाव स्नॉर्कल आणि ती लावून पोहण्याचं नाव स्नॉर्कलिंग.

स्कुबा वेगळं. स्कुबात पाठीवर हवेची टाकी असते. माणूस हवा बरोबर घेऊन खाली जातो. स्नॉर्कलमध्ये टाकी नाही, यंत्र नाही, साठा नाही. नळी हवा तयार करत नाही आणि साठवतही नाही, वरची हवा फक्त खाली आणते. वरचं टोक पाण्यात गेलं की हवा संपली. हे एवढं वाक्य नीट लक्षात ठेवा. या लेखातलं बाकी सगळं त्यालाच धरून आहे.

शब्द आला कुठून

शब्द जर्मन आहे. मूळ उच्चार ‘श्नॉर्शेल’च्या जवळ जाणारा. जर्मन भाषेत घोरण्याला ‘श्नार्शेन’ म्हणतात, त्याच कुळातला हा शब्द. खलाशांच्या बोलीत तो नाकासाठी वापरत. म्हणजे घोरणारं नाक! पहिल्यांदा हे नाव पडलं ते पोहणाऱ्याच्या नळीला नाही, तर पाणबुडीच्या नळीला.

पाणबुडीचं गणित आपल्या घरच्या इन्व्हर्टरसारखं आहे. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की डिझेल इंजिन चालवून भरावी लागते आणि डिझेल जळायला हवा लागते. म्हणजे बॅटरी भरायला पाणबुडीला वर यावंच लागायचं, आणि वर आली की शत्रूला दिसायची. नेदरलँड्सच्या नौदलाने दुसऱ्या महायुद्धाआधीच यावर युक्ती काढली होती. पाणबुडी खालीच ठेवायची आणि फक्त एक नळी पाण्याबाहेर काढून इंजिनाला हवा द्यायची. १९४० साली जर्मनीने तो देश जिंकला, तेव्हा अशा पाणबुड्या त्यांच्या हाती लागल्या. १९४४ पासून जर्मन पाणबुड्यांवर ही नळी मोठ्या प्रमाणावर बसू लागली. इंग्रजीत शब्द तिथून गेला आणि युद्धानंतर पोहणाऱ्यांच्या नळीलाही तेच नाव चिकटलं.

नळीच्या तोंडावर एक झडप असायची. लाट आली की झडप आपोआप बंद व्हायची, नाहीतर इंजिनात पाणी शिरलं असतं. पण इंजिन तर चालूच! मग ते पाणबुडीच्या आतली, खलाशांची हवा ओढायचं आणि सगळ्यांच्या कानांना दडे बसायचे. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘कलवरी’ वर्गाच्या आपल्या पाणबुड्याही डिझेल आणि बॅटरीवर चालतात, त्यांनाही बॅटरी भरायला असं नाक वर काढावं लागतं.

नळी एवढीशीच का?

हा प्रश्न एका गटातल्या सातवी शिकलेल्या ताईंनी विचारला आणि मला वाटतं संपूर्ण विषयात हाच खरा प्रश्न आहे. स्नॉर्कलची नळी साधारण ३० ते ४० सेंटीमीटर असते, दीड-दोन वीत. दोन मीटर लांब का करत नाहीत? मग माणूस आरामात खाली जाऊन मासे बघेल की!

मे महिन्यात आपली पोरं विहिरीवर, कोंडीवर, नदीच्या डोहात हेच करायला बघतात. माडाला पाणी घालायचा पाईप तोंडात धरायचा, दुसरं टोक मित्राच्या हातात वर, आणि खाली जायचं. खेळ वाटतो. यात जीव जाऊ शकतो आणि त्याची दोन कारणं आहेत. दोन्ही मुलांना समजावून सांगता आली पाहिजेत. नुसतं ‘जाव नको’ म्हटलं तर ती जातातच.

पहिलं कारण, शिळी हवा. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात साधारण ५०० मिली हवा घेतो. म्हणजे अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी डोळ्यांसमोर आणा. आपण श्वास सोडतो तेव्हा नळी या सोडलेल्या हवेने भरलेली राहते आणि पुढचा श्वास घेताना आधी तीच शिळी हवा परत आत जाते. नळीच्या आतली रुंदी २ सेंमी आणि लांबी ४० सेंमी धरली तर तिच्यात साधारण १२५ मिली हवा मावते. पिशवीचा पाव भाग शिळा, पाऊण भाग ताजा. चालतं. थोडा खोल श्वास घ्यावा लागतो इतकंच. (आपल्या स्वतःच्या घशात आणि श्वासनलिकेत साधारण १५० मिली हवा अशीच अडकून असते, ती वेगळी.) आता तीच नळी २ मीटर करा. तिच्यात ६२५ मिलीच्या वर हवा मावते. पिशवी ५०० ची, नळी ६२५ ची! म्हणजे नेहमीसारखा श्वास घेतला तर ताजी हवा तोंडापर्यंत पोचतच नाही. नळीचं तोंड वर उघड्यावर आहे, छाती वरखाली होते आहे, श्वास चालू आहे असं वाटतं आणि तरी माणूस आपलीच सोडलेली हवा पुन्हा पुन्हा पितो आहे. डोकं जड होतं, धाप लागते, गरगरतं. गोधडी तोंडावरून घेऊन झोपल्यावर जीव घाबरतो, त्याच्या कितीतरी पुढची ही अवस्था.

मग बारीक पाईप घेतला तर? त्यात हवा कमी मावेल, हे बरोबर. पण बारीक नळीतून पुरेशी हवा ओढायलाच जमत नाही. शहाळ्याच्या स्ट्रॉने दोन मिनिटं श्वास घेऊन बघा, जमिनीवर, खुर्चीत बसून.

दुसरं कारण, पाण्याचा दाब. पाण्याला वजन आहे हे डोक्यावर हंडा घेतलेल्या बाईला सांगायची गरज नाही. १ मीटर खोलीवर छातीच्या समोरच्या भागावर, म्हणजे ३० बाय ३० सेंमी एवढ्या जागेवर, वरच्या पाण्याचा जवळपास ९० किलो भार येतो. पन्नास किलोची दोन पोती म्हणा ना. श्वास रोखून बुडी मारली तर फुप्फुसातली कोंडलेली हवा दाबली जाते आणि ती आतून तेवढाच जोर परत लावते, म्हणून बुडी मारणाऱ्याची छाती सहन करते. पण तोंडात वर उघडी नळी असेल तर आतली हवा वरच्या हवेला जोडलेली राहते. ती उलटा जोर लावत नाही. मग श्वास घ्यायचा म्हणजे ती दोन पोती छातीच्या स्नायूंनी उचलायची, दर श्वासाला. धडधाकट माणसालाही ते झेपत नाही.

म्हणूनच स्नॉर्कल फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगताना वापरायची. नळी आखूड आहे ती कंपनीने प्लास्टिक वाचवलं म्हणून नाही.

मग हत्तीला कसं जमतं?

दोडामार्गच्या बायकांना हत्तीचं कौतुक सांगायला गेले तर त्या मला केळीच्या बागेतच उभं करतील, हे मला माहीत आहे. नुकसान तुमचं झालंय. पण या विषयात हत्तीला टाळता येत नाही. नदी ओलांडताना हत्ती सगळं अंग पाण्याखाली ठेवून फक्त सोंड वर काढतो. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं आहे की पाण्यात बुडी मारणारे लोक श्वासासाठी जसं साधन वापरतात तशी हत्तीची सोंड आहे. म्हणजे नळी तेव्हाही होती, फक्त नाव नव्हतं.

पण हत्तीची फुप्फुसं पाण्याखाली दोनेक मीटर खोल असतात. वर सांगितलेला दाब त्यालाही लागतो. फरक असा की माणसाच्या फुप्फुसाभोवती दोन पातळ पडदे असतात आणि त्यांच्यामध्ये फट असते. एवढ्या दाबाच्या फरकाने त्या फटीजवळच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते. हत्तीत ती फटच नसते, तिथे चिवट तंतूंचा थर भरलेला असतो आणि फुप्फुस छातीला चिकटलेलं असतं. शिवाय त्याची छाती केवढी! पोरांना सांगा, तू हत्ती नाहीस.

खाडीतली आणि हौदातली स्नॉर्कल

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. ज्या तिथे अभ्यासदौऱ्याला गेल्या होत्या त्यांना आठवत असेल, तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटासारखी मुळं वर उभी असतात, शेकड्याने. चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळंच वर काढतं आणि त्यांवरच्या बारीक छिद्रांतून हवा घेतं. ओहोटीला झाडाचं नाक उघडं, भरतीला काही तास बंद. आता त्याच जागी कुणी मातीचा भराव टाकला किंवा प्लास्टिकचा थर साचला, तर काय होईल? झाड तोडायला कुऱ्हाड लागत नाही. नाक बुजलं की ते हळूहळू उभ्याउभ्या मरतं. खाडीकिनारी रस्त्याचं, बंधाऱ्याचं काम निघालं की ग्रामसभेत हा मुद्दा मांडायला हरकत नाही.

दुसरी स्नॉर्कल घराघरात आहे. पाण्याच्या हौदात वळवळणारी डासाची अळी बघा. डोकं खाली, शेपटीकडचं टोक वर पाण्याला टेकलेलं. त्या टोकाला श्वासाची नळी असते, डेंग्यूच्या डासाच्या अळीला आखूड, क्युलेक्स डासाच्या अळीला लांब. (हिवतापाच्या डासाच्या अळीला नळी नसते, ती पाण्यावर आडवी पडून हवा घेते.) साचलेल्या गटारावर तेलाचा थर टाकतात तो या नळीचं तोंड बुजवायलाच. पिण्याच्या पाण्यात मात्र तेल टाकायचं नाही, तिथे आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून घासून कोरडं करणं हाच उपाय. आशाताई कोरडा दिवस पाळा म्हणतात त्यामागचं हिशेबाचं कारण असं आहे की अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात.

गाड्यांची स्नॉर्कल

जंगलात, पाण्यातून जाणाऱ्या जीपच्या पुढच्या काचेच्या बाजूने छपरापर्यंत गेलेली काळी नळी असते, ती स्नॉर्कल. इंजिनाला हवा वरून मिळते. नेहमीच्या गाडीत हवा घ्यायचं तोंड खाली, बॉनेटच्या आत असतं. तिथून पाणी शिरलं की पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, इंजिनातला दांडा वाकतो आणि खर्च हजारांत नाही, लाखांत जाऊ शकतो. ट्रॅक्टरचं हवा घ्यायचं तोंडही बऱ्याचदा वर असतं, ते मुख्यतः धुळीसाठी. पण नळी वर आहे म्हणजे पूर आलेला कॉजवे ओलांडता येतो असं नाही. नळी इंजिनाला वाचवते, गाडीला धरून ठेवत नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी उचलली जाऊ शकते. पुलावरून पाणी जात असेल तर घरच्या गडीमाणसांना हे सांगा, जीप कितीही रुबाबदार असो.

शहरात अग्निशमन दलाकडेही ‘स्नॉर्कल’ असते. ती नळी नाही, शिडीसारखी उंच जाणारी उचलगाडी आहे. १९५८ साली अमेरिकेतल्या शिकागोच्या दलाने झाडांच्या फांद्या छाटायची उचलगाडी आगीसाठी वापरली आणि तिला हे नाव पडलं. श्वासाशी संबंध राहिला नाही, नाव राहिलं. पेपरात ‘स्नॉर्कल मागवली’ असं वाचलं तर गोंधळू नका.

विहिरीत आणि टाकीत मात्र नाही

आता ज्यासाठी हा लेख वैभववाडीच्या गटांनीही वाचायला हवा ते. बंद पडलेली विहीर, शौचालयाची टाकी, बायोगॅसचा खड्डा. इथे एक माणूस उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच घरातले दोघं-तिघं जातात. कुजण्यामुळे तिथला प्राणवायू संपलेला असतो, कार्बन डायऑक्साइड जड असल्याने तळाशी बसतो आणि टाकीत विषारी वायूही असतात. “पाईप तोंडात धरून उतरतो” असं कुणी म्हणालं तर वरचं गणित त्याला सांगा. लांब पाईपातून तो आपलीच शिळी हवा घेईल, आणि पाईप तोंडातून सुटला की पहिलाच श्वास त्या वायूचा. ज्या मास्कला वरून यंत्राने जोर लावून हवा पुरवली जाते ती वेगळी वस्तू आहे, ती वापरायला शिकलेली माणसं लागतात. कंदील सोडून बघायची जुनी पद्धतही पुरेशी नाही, ज्योत विझली नाही तरी विषारी वायू असू शकतो, आणि बायोगॅसजवळ तर ज्योत न्यायचीच नाही, भडका होतो. आत माणूस पडला असेल तर मागोमाग कुणाला उतरू देऊ नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा. घरचा माणूस आत असताना बाकीच्यांना थांबवणं किती कठीण आहे ते मला कळतं. पण तिथे अडवून उभी राहणारी बाईच दुसरा जीव वाचवते. सुरक्षा साधनांशिवाय कुणालाही असल्या टाकीत सफाईला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, मजूर स्वतः तयार असला तरीही.

न्याहारी-निवासवाल्या तायांसाठी

पाहुण्याला बोटवाल्याचा नंबर देता तेव्हा तुमची जबान गुंतलेली असते. म्हणून आधी स्वतः एकदा जाऊन बघा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला देतात का, पाण्यात माणसांबरोबर गाईड असतो का, तोंडात धरायचा रबरी भाग एकानंतर दुसऱ्याला देताना जंतुनाशकाने धुतात की नुसता समुद्रात बुचकळतात? दारू प्यालेल्याला नेतात का? दम्याचा, हृदयाचा त्रास आहे का हे विचारतात का? आणि नळीत पाणी शिरलं तर काय करायचं हे बोट सुटण्याआधी करून दाखवतात का. (फुंकणीसारखी जोरात फुंकर मारायची, पाणी वरून उडतं. हे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दोनदा केलं की भीती जाते.) प्रवाळावर उभं राहू नका, हेही पाहुण्यांना घरीच सांगा. १९८७ पासून मालवणच्या समुद्राचा काही भाग सागरी अभयारण्य आहे, आणि पायाखाली जो दगड वाटतो तो जिवंत असतो. तो मेला तर मासे नाहीत, मासे नाहीत तर पाहुणाही नाही. पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, तेव्हा ‘ओळखीने नेतो’ म्हणणाऱ्याकडे पाठवू नका.

आणि एक. समुद्रकाठी आयुष्य गेलं, मासळी विकली, सुकवली, पण पाण्यात तोंड घालून खाली काय आहे ते एकदाही पाहिलं नाही, अशा आपल्यात खूप जणी आहेत. पंजाबी ड्रेस घालून, जॅकेट लावून, दोघी-दोघींनी जाता येतं. प्रभागसंघाच्या दौऱ्यात हे बसवायचं का, ते पुढच्या मासिक बैठकीत ठरवा.

बैठकीत करून बघायचं

घरातला कोणताही पाईपचा तुकडा आणा. एक टोक बोटाने बंद करा, पाईप पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी दुधाच्या मापात ओता. जेवढं पाणी, तेवढी त्यात शिळी हवा. शेजारी अर्ध्या लिटरची पिशवी ठेवा म्हणजे तुलना दिसेल. मुलांना बरोबर बसवा, मोजायचं काम त्यांना द्या. पाईपची लांबी, रुंदी आणि पाण्याचं माप इतिवृत्ताच्या वहीत लिहून सीआरपी ताईंकडे द्या, पुढच्या अंकात सगळ्या गावांची मापं छापू. लांबी सेंटीमीटरमध्ये लिहा. ‘दोन हात’ लिहू नका, प्रत्येकीचा हात वेगळा.